इंग्रजीच्या वळशाशिवाय रशियन

रशियन शिकवणारी इंग्रजी पुस्तकं पहिल्या काही पानांतच वाचणाऱ्याला धीर द्यायला लागतात. नामांना लिंग असतं, घाबरू नका. लिंगं दोन नाहीत, तीन आहेत, तरी घाबरू नका. वाक्यातल्या कामाप्रमाणे नामाचा शेवट बदलतो, विशेषण त्याच्या मागोमाग बदलतं, भूतकाळातलं क्रियापद बोलणारा पुरुष आहे की बाई ते सांगतं, 'तू' वेगळं आणि 'तुम्ही' वेगळं. लंडनच्या किंवा शिकागोच्या वाचकासाठी हा धीर योग्यच आहे. त्याच्या भाषेतून यातलं बहुतेक सगळं काही शतकांपूर्वी गळून गेलं. पण हीच पुस्तकं पुढ्यात घेऊन लातूरची, संगमनेरची, अकोल्याची मुलं बसतात आणि बोलायला लागल्यापासून जे त्यांच्या तोंडात आहे तेच भीत भीत नव्याने शिकतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझी भाची त्यांच्यातलीच. व्होल्गाकाठच्या एका शहरात ती डॉक्टर व्हायला गेली आहे. महाराष्ट्रातून रशियात एमबीबीएसला जाणारी मुलं आता गावोगावी सापडतात. तास इंग्रजीत होतात, पुस्तकं इंग्रजीत असतात, पण वरच्या वर्षांत वॉर्डात उभं राहावं लागतं आणि खाटेवरच्या आजींना इंग्रजीचा एक शब्द येत नसतो. म्हणून पहिल्या वर्षापासून रशियनचे तास. आणि मी पडले रशियनवाली मावशी. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये उमेदीच्या काळात शिकलेली भाषा पुढे वाचण्यापुरती टिकवली होती, तिचा असा उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं.

"मावशी, सहा विभक्त्या आहेत गं!" पहिल्याच हिवाळ्यात तिचा फोन आला.

"आपल्याकडे आठ आहेत. शाळेत घोकल्या आहेस की. स, ला, ते. स, ला, ना, ते."

"अगं, पण ते मराठीत!"

हे 'ते मराठीत' मी नंतर तिच्या मैत्रिणींकडूनही ऐकलं. मराठीचं व्याकरण म्हणजे दहावीच्या पेपरातले काही गुण, ते दिले की संपलं. नवं काही शिकायचं तर ते इंग्रजीतूनच शिकायचं असतं, अशी एक पक्की समजूत या मुलांच्या मनात बसली आहे. माझं म्हणणं अगदी साधं आहे. मराठी माणसाने रशियन इंग्रजीतून शिकू नये. मधला तो वळसा काढून टाकला तर निम्मी भाषा आधीपासून ओळखीची निघते, आणि जी निम्मी खरोखर अवघड आहे तिच्यासाठी ताकद उरते.

दुखण्यापासूनच सुरुवात करते, कारण भाचीला त्याचीच गरज होती. इंग्रजीत माणसाकडे डोकेदुखी 'असते'. रशियन आजी म्हणतात, "उ मिन्या बलीत गलवा." शब्दशः पाहिलं तर 'माझ्याकडे दुखतंय डोकं'. डोकं कर्ता आहे आणि दुखण्याचं काम ते करतं. आपण तरी काय म्हणतो? माझं डोकं दुखतंय. डॉक्टरचा प्रश्नही आपल्यासारखाच दोन शब्दांचा: "ग्द्ये बलीत?" कुठे दुखतंय? भाचीच्या पुस्तकात या एका रचनेसाठी पाऊण पान खर्ची पडलं होतं. तिला मी एवढंच सांगितलं की इंग्रजी वाक्य मनात येऊच देऊ नकोस, कुंडलच्या आजीला विचारतेस तसं विचार.

तीच गोष्ट थंडीची. "म्न्ये खोलदना." मला थंडी वाजतेय. "म्न्ये न्राव्हित्सा." मला आवडतं. "म्न्ये नादा." मला पाहिजे, मला हवंय. हे 'म्न्ये' म्हणजे आपलं 'मला', चतुर्थी. ज्या ज्या ठिकाणी माणूस काही करत नाही, त्याला काहीतरी होतं, वाटतं, लागतं, तिथे दोन्ही भाषा माणसाला कर्त्याच्या जागेवरून उठवून 'ला'च्या जागी बसवतात. वयाचंही तसंच: "म्न्ये द्वात्सात ल्येत," मला वीस वर्षं. मालकीचंही जवळपास तसंच. 'असणे' आहे, पण इंग्रजीसारखं 'बाळगणे' रोजच्या बोलण्यात नाही. "उ मिन्या येस्त्य ब्रात." मला एक भाऊ आहे. आणि 'हा माझा भाऊ' म्हणायचं तर "एता मोय ब्रात", मध्ये 'आहे' सुद्धा नको.

विभक्त्यांत मला सर्वांत जास्त आनंद द्वितीयेने दिला. रशियनमध्ये 'मला घर दिसतंय' या अर्थी "या वीझू दोम" म्हणतात. 'दोम' म्हणजे घर, त्याला काहीही झालं नाही. पण 'मला भाऊ दिसतोय' म्हणायचं तर "या वीझू ब्राता", तिथे 'ब्रात'चं रूप बदललं. का? तर भाऊ सजीव आहे. इंग्रजी पुस्तकात याला एक भारदस्त नाव आहे आणि सोबत अपवादांची यादी. आता मराठीत पाहा. मी घर पाहिलं. मी भावाला पाहिलं. 'मी घराला पाहिलं' असं आपण म्हणत नाही आणि 'मी भाऊ पाहिला' असं तर लहान मूलही म्हणणार नाही. सजीवाला बहुधा 'ला' लागतो, निर्जीव तसाच राहतो. कुणी शिकवल्याशिवाय आपण हा भेद आयुष्यभर पाळत आलो आहोत. रशियनमध्ये पुल्लिंगी एकवचनात आणि सगळ्याच अनेकवचनांत तो असा उघड दिसतो. भाचीला हे पटलं तेव्हा ती वसतिगृहातल्या दुसऱ्या मुलींना बोलावून घेऊन वाक्यं बनवायला लागली आणि माझा फोन तासभर चालला.

तृतीयाही तशीच ओळखीची. पेनाने लिहितो, चमच्याने खातो. तिथे 'ने' लागतो, इथे शब्दाचा शेवट बदलतो. 'चाय स मलकोम' हा दुधाचा चहा, 'चाय ब्येस साखरा' हा बिनसाखरेचा. कॅन्टीनच्या खिडकीशी उभं राहून हे दोन प्रयोग रोज करावे लागतात, त्यामुळे तृतीया आणि षष्ठी तिथेच पक्क्या होतात. फरक आहे तो एवढाच की आपण शब्दाचं सामान्यरूप करून त्याला प्रत्यय जोडतो, घर, घरा, घरात, आणि रशियन माणूस शब्दाचा शेवट बदलून बरेचदा पुढे एक छोटं शब्दयोगी ठेवतो, 'व दोम्ये'. विशेषण मात्र दोघांकडेही गप्प बसत नाही. मोठं घर, पण मोठ्या घरात. 'बल्शोय दोम', पण 'व बल्शोम दोम्ये'.

'स्वोय' हा शब्द तर मला जिवलग वाटतो. त्याने आपली पिशवी उचलली, आणि त्याने त्याची पिशवी उचलली. नीट मराठी बोलणाऱ्याला यातला फरक कळतो. पहिल्यात पिशवी स्वतःची, दुसऱ्यात बहुधा दुसऱ्या कुणाची. इंग्रजी इथे मुकी आहे. रशियनमध्ये 'स्वोय' म्हणजे नेमकं आपलं 'आपला', आणि त्याच्या पोटात संस्कृतातलं 'स्व' अगदी स्पष्ट ऐकू येतं.

अशी जुनी नाती शोधण्याचा मोह आवरावा लागतो, कारण दोन भाषांत सारखा वाजणारा प्रत्येक शब्द नात्यातला नसतो. पण जी खरी आहेत ती शब्दसंग्रहाला फार मदत करतात. ब्रात आणि भ्राता, त्री आणि त्रि, न्येबा आणि नभ, अगोन्य आणि अग्नी, द्व्येर आणि द्वार, म्योद आणि मध, स्तो आणि शत, व्दवा आणि विधवा. 'झ्नात्य', म्हणजे जाणणे, हा ज्ञानातल्या 'ज्ञा'चा सख्खा. आणि सासरच्या माणसांजवळ आलं की आपल्याला घरीच आल्यासारखं वाटतं. नवऱ्याचे वडील 'स्व्योकर', आपला श्वशुर, सासरा. नवऱ्याची आई 'स्विक्रोव्य', श्वश्रू, सासू. नवऱ्याचा भाऊ 'द्येविर', संस्कृतात देवृ, आपल्याकडे दीर. मुलाची बायको 'स्नखा', स्नुषा, सून. इंग्रजीने या सगळ्यांना कायद्याच्या एकाच खात्यात टाकलं. आता रशियातली शहरी तरुण पिढीही यातले काही शब्द एकमेकांत घोळते, द्येविर कोण हे विचारून घ्यावं लागतं, असं भाची सांगते. पण म्हाताऱ्या माणसांकडे हे शब्द जिवंत आहेत, आणि वॉर्डात भेटायला आलेली बाई कोण हे कळायला ते लागतातच. बायकोच्या आईवडिलांना मात्र त्यांच्याकडे वेगळे शब्द, त्योश्शा आणि त्येस्त्य. आपण दोन्हीकडे सासू-सासरेच म्हणतो.

नावांचंही असंच. परदेशी अर्ज भरताना मधल्या नावाच्या रकान्याशी आपली मुलं नेहमी अडखळतात, कारण आपलं मधलं नाव म्हणजे वडिलांचं नाव. रशियातही स्वतःचं नाव, वडिलांच्या नावावरून बनलेलं नाव आणि आडनाव असाच क्रम असतो. शिवाय तिथे वडिलांचं नाव केवळ कागदावर राहत नाही. प्रौढ माणसाला आदराने हाक मारायची तर नाव आणि पितृनाव दोन्ही घ्यायची: इवान पेत्रोविच, आन्ना पित्रोव्ना. वॉर्डात अनोळखी आजींना नुसतं 'बाबुश्का' म्हणण्यापेक्षा असं पूर्ण नाव घेणं त्यांना मानाचं वाटतं. लग्न झालं तरी बाईचं पितृनाव बदलत नाही, जन्मभर वडिलांचंच राहतं. आपल्याकडे मधल्या जागी नवरा येऊन बसतो, तो प्रकार तिथे नाही, आणि ही रशियन रीत मला जास्त आवडते.

उच्चारांबद्दल फार लिहीत नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. रशियन त आणि द हे आपले दंत्य त आणि द आहेत. इंग्रजी माणसाला जीभ दातांजवळ आणायला शिकावं लागतं, आपली आधीच तिथे आहे. तरी आपण टॉलस्टॉय लिहितो आणि म्हणतो, कारण तो आपल्याकडे इंग्रजांच्या तोंडून आला. रशियात तो तल्स्तोय आहे. राजधानीही मॉस्को नाही, मस्क्वा. 'चोर'मधला च आणि 'चार'मधला च हे दोन च आपण वेगळे बोलतो, लिहीत मात्र एकच. रशियनमध्ये या दोन्हींना स्वतंत्र अक्षरं आहेत. आपल्याला खरे अवघड जातात ते मृदू व्यंजनांचे उच्चार. 'ब्रात' म्हणजे भाऊ आणि 'ब्रात्य' म्हणजे घेणे, आणि शेवटचा तो 'य' पुरता उच्चारायचा नाही, फक्त जिभेने 'त'ला त्याचा स्पर्श द्यायचा. शिवाय 'दिशीत्ये', श्वास घ्या, यातल्या पहिल्या स्वराला आपल्या लिपीत अक्षरच नाही. त्यासाठी ऐकणं हाच उपाय.

आकड्यांशी मी हमखास थांबते. एकोणतीस, एकोणचाळीस, त्रेपन्न, सदुसष्ट पाठ केलेल्या माणसाला रशियन आकडे म्हणजे सुट्टी. वीस-एक, वीस-दोन असा सरळ हिशोब आहे. मात्र त्यांच्याकडे दीड आहे! 'पल्तरा', एक अख्खा शब्द. 'पल्तरा चिसा' म्हणजे दीड तास. आणि तो बनला कसा? 'पोल' म्हणजे अर्धा आणि 'व्तरा'त दुसरा: दुसऱ्याचा अर्धा. आपलं दीड कुठून आलं? द्वि आणि अर्ध यांतून, म्हणजे तेच. पहिला पूर्ण झाला, दुसरा अर्धा झाला. साडेबारा, दीड, अडीच अशी घड्याळाची वेळ सांगतानाही रशियन माणूस याच रीतीने मोजतो. दीड वाजले म्हणजे 'पलवीना व्तरोवा', दुसऱ्याचा अर्धा. अडीच म्हणजे 'पलवीना त्र्येत्येवा', तिसऱ्याचा अर्धा, आणि आपल्या अडीचचं मूळ आहे संस्कृत अर्धतृतीय. दोघे, तिघे, चौघेही त्यांच्याकडे आहेत: द्वोये, त्रोये, च्येत्वेरा. 'नास द्वोये', आम्ही दोघं. हे सगळं मी फोनवर एका दमात सांगितलं तेव्हा भाची म्हणाली, "मावशी, हे आम्हाला कुणीच का नाही सांगितलं?" कोण सांगणार? तिच्या रशियन शिक्षिकेला मराठी येत नाही आणि तिच्या पुस्तकाच्या लेखकालाही.

या दोन भाषांच्या गाठीभेटी जुन्या आहेत. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात समुद्रमार्गे चौलला उतरला आणि घोडा घेऊन जुन्नरला आला. पुरा पावसाळा त्याने तिथे काढला. रात्रंदिवस पाऊस आणि जिकडे तिकडे चिखल, हे त्याने लिहून ठेवलं आहे. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलण्यासाठी धाक घातला, त्यातून तो कसाबसा सुटला. चौलशेजारी रेवदंड्याला आज त्याचं स्मारक आहे. त्याला मराठी येत असेल असं मला वाटत नाही. तुर्की-फारसी-अरबी मिसळीची व्यापाऱ्यांची बोली त्याच्या लिखाणात जागोजाग उतरली आहे. पण 'बाजार' म्हटलेलं त्याला जुन्नरात समजलं असणार. तातारांमुळे आणि व्यापारामुळे जे फारसी-अरबी शब्द रशियनमध्ये गेले, त्यांतले काही सुलतानी अमदानीत आपल्याकडे आले: बझार आणि बाजार, सुंदूक आणि संदूक. दरबारात मानाचा पोशाख म्हणून मिळायची ती खिलत. तोच शब्द रशियात 'खलात' होऊन घरात घालायचा झगा झाला, आणि डॉक्टरचा पांढरा कोटही. माझी भाची रोज सकाळी खलात घालून वॉर्डात जाते.

आता जिथे मराठी फसवते तेही सांगायला हवं, नाहीतर मी लिहिलं ते अर्धवट होईल. भूतकाळात आपल्याकडे आणि त्यांच्याकडे 'ल' येतो: गेला, आली, लिहिलं. 'पिसाल', 'पिसाला' आणि नपुंसकलिंगी 'पिसालो' (ऐकायला तेही 'पिसाला'च) ही याच चालीची रूपं. या दोन 'ल'चा वंश एक नाही, पण दोन्हीकडे मुळात ते विशेषणासारखं चालणारं रूप होतं, म्हणून त्याला लिंग चिकटतं. इथवर ठीक. पण त्यांचं आ-कारान्त रूप स्त्रीलिंगी आहे. 'अना प्रिश्ला' म्हणजे ती आली, तो नव्हे, आणि 'आला-गेला'ला सरावलेला आपला कान सुरुवातीला हटकून चुकतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे आपलं क्रियापद कर्माच्या मागे जातं. मुलगा म्हणतो, मी कादंबरी वाचली. मुलगी म्हणते, मी लेख वाचला. रशियनमध्ये कर्माशी देणंघेणं नाही, वाचणारा कोण तेवढंच पाहायचं. मुलगी काहीही वाचो, 'चिताला'. मुलगा काहीही वाचो, 'चिताल'. हे डोक्यात बसेपर्यंत मोठ्याने म्हणत राहावं लागतं.

क्रियापदांच्या जोड्यांना इंग्रजी पुस्तकं सर्वांत जास्त घाबरवतात, जवळजवळ प्रत्येक क्रियेला दोन क्रियापदं म्हणून. एक चालू राहणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा होणाऱ्या क्रियेचं, दुसरं पुरी होणाऱ्या क्रियेचं. पाणी भरपूर पीत जा, हे पेशंटला सांगायचं तर 'पेय्त्ये'. ही गोळी घेऊन टाका म्हणायचं तर 'वीपेय्त्ये'; गोळी तिथे 'पितात'. पीत जा आणि पिऊन टाका. आपण एक क्रियापद घेऊन त्याला जा, टाक, काढ, घे, ठेव अशी मदतनीस क्रियापदं लावतो आणि रशियन माणूस शब्दाच्या तोंडाशी उपसर्ग लावतो किंवा शब्दाचं पोट बदलतो. दोन्हींची हद्द सगळीकडे जुळत नाही, पण 'वाचत होते' आणि 'वाचून काढलं' यात फरक असतो हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. भाचीने तिच्या वहीत या जोड्या मराठीतच लिहिल्या आहेत: पीत जा, पिऊन टाका, लिहीत होते, लिहून काढलं. वही देवनागरीत आणि रशियन लिपीत आहे. रोमन अक्षर त्यात येऊ द्यायचं नाही असा मी आग्रह धरला, कारण रोमनमध्ये लिहिलं की त चा ट होतो आणि पुन्हा टॉलस्टॉय. खालच्या वर्गातल्या मराठी मुली आता तिची वही उतरवून घेतात.

जाण्या-येण्याच्या क्रियापदांपुढे मात्र मराठी हात टेकते. पायी जाणं वेगळं, वाहनाने जाणं वेगळं. एकदा एका दिशेने जाणं वेगळं, रोज जाऊन येणं वेगळं. इद्ती, खदीत्य, येखत्य, येझ्दित्य. आपलं 'जाणे' या चौघांच्या जागी एकटं उभं असतं. पुन्हा या चौघांना उपसर्ग लागले की आत शिरणं, बाहेर पडणं, पोचणं, वाटेत डोकावणं, ओलांडणं अशी सगळी कामं त्यांतून निघतात. इथे मी शेवटी संस्कृतकडे वळले. 'हृ' या एका धातूला उपसर्ग लावून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार होतात हे तिला शाळेपासून माहीत आहे. रशियन माणूस हेच रोजच्या चालण्याफिरण्यात करतो, एवढी खूण तिला पुरली. दर रविवारी आम्ही एक उपसर्ग घेतो. 'प्रि-' झाला, 'उ-' झाला, 'वी-' झाला. येत्या रविवारी 'पिरि-' घ्यायचा आहे, रस्ता ओलांडण्याचा. तो तिला लवकर हवा आहे, कारण पुढच्या महिन्यात तिची ड्यूटी रस्त्यापलीकडच्या इमारतीत लागणार आहे आणि तिकडे जाणाऱ्या पेशंटना वाट सांगावी लागणार आहे.